बर्फावर एक रेघ: हार्डबूट कार्विंग शिकायची सविस्तर वाट

सकाळी साडेआठला लिफ्ट सुरू होते. रात्रभर यंत्रांनी विंचरून ठेवलेला उतार कॉर्डरॉयच्या कापडासारखा बारीक पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो आणि अजून कुणाचं पाऊल त्यावर पडलेलं नसतं. आपण सात-आठ वळणं घेत खाली येतो, कडेला थांबतो आणि मागे वळून बघतो. वर बर्फात नांगराच्या फाळानं ओढलेल्या तासासारखा एक चर दिसतो. बोटाएवढा रुंद, कुठेही न फाटलेला, डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे गेलेला. हा चर ओढता यावा म्हणून मी गेली नऊ वर्षं म्युनिकहून पहाटे पाचची गाडी पकडते आहे.

स्नोबोर्डवर वळायच्या दोन तऱ्हा आहेत. बहुतेक जण बोर्ड आडवा करून बर्फ खरवडत, घसरत वळतात. कार्विंगमध्ये बोर्ड कडेवर कलतो, कड बर्फात रुतते आणि बोर्ड आपल्याच आकाराच्या कमानीवरून रुळावरून गेल्यासारखा जातो. हे कुठल्याही बोर्डवर थोडंफार जमतं. पण अरुंद बोर्ड, कडक प्लास्टिकचे बूट आणि दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवलेले, या साधनांवर ते जसं जमतं तसं दुसऱ्या कशावर जमत नाही. त्याला अल्पाइन किंवा हार्डबूट स्नोबोर्डिंग म्हणतात. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा आला तेव्हा जायंट स्लॅलमची, म्हणजे उतारावर रोवलेल्या फाटकांमधून वळत उतरायची शर्यत याच साधनांवर झाली. आजही समांतर जायंट स्लॅलमचे, म्हणजे दोघं शेजारी-शेजारी उतरतात त्या शर्यतीचे, खेळाडू हेच वापरतात. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्कानं २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये स्कीवर सुपर-जी ही वेगाची शर्यत जिंकली आणि आठवड्याभरात याच बोर्डवर दुसरं सुवर्ण घेतलं.

हा लेख शर्यतीसाठी नाही. साधा स्नोबोर्ड येतो, निळ्या म्हणजे सोप्या उतारावरून दोन्ही कडांवर न पडता खाली येता येतं आणि आता ती रेघ ओढायची आहे, अशांसाठी आहे. बोर्डवर अजून उभंच राहिला नसाल तर आधी मऊ बुटांवर आठ-दहा दिवस घालवा. हार्डबूट नवशिक्याला भाड्यानं जवळपास कुठेच मिळत नाहीत, आणि पडायचं कसं ते आधी शिकलेलं बरं.

आधी पाच मिनिटं गणित

हे टाळू नका. माझा एक पूर्ण हिवाळा हे गणित माहीत नसल्यामुळे वाया गेला.

बोर्ड कमरेशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतो. त्याच्या कडेची ही कमान एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे साइडकट. बोर्ड जितका कलवाल तितकं वळण लहान होतं: वळणाची त्रिज्या म्हणजे साइडकट गुणिले कलत्या कोनाचा कोसाइन. समजा साइडकट १० मीटर आहे. बोर्ड ४५ अंश कलला तर वळण सुमारे ७ मीटरचं होईल, ६० अंश कलला तर ५ मीटरचं.

आता त्या वळणावर तोल साधायचा तर वेगही ठरावीकच लागतो, घाटात मोटारसायकल वळणावर कलते तसंच. १० मीटरच्या बोर्डवर ४५ अंशाला तो येतो ताशी सुमारे ३० किलोमीटर, आणि पायांवर शरीराच्या वजनाच्या १.४ पट भार पडतो. ६० अंशाला वेग ताशी ३३ किलोमीटर आणि भार थेट दुप्पट. हेच २० मीटर साइडकटच्या शर्यतीच्या बोर्डवर करायला गेलात तर ४५ अंशालाच ताशी ४२ किलोमीटर हवेत.

याचा अर्थ साधा आहे. किती वेगानं जायचं ते तुमच्या धाडसापेक्षा तुमचा बोर्ड जास्त ठरवतो. माझा पहिला अल्पाइन बोर्ड १८५ सेंटीमीटर लांबीचा, शर्यतीतून निवृत्त झालेला होता. विकणाऱ्यानं ‘हा घ्या, आयुष्यभर पुरेल’ म्हणून गळ्यात मारला. मला ताशी ४२ किलोमीटरला घाबरायला व्हायचं, म्हणून मी हळू जायची. हळू गेलं की तो बोर्ड कलतच नाही, आणि कलला की मी आतल्या बाजूला पडायची. मला वाटायचं मीच कमी पडते आहे. पुढच्या वर्षी एका मैत्रिणीनं तिचा १६१ चा बोर्ड अर्धा दिवस वापरायला दिला आणि तिसऱ्या फेरीत मागे वळून पाहिलं तर रेघ होती.

बूट: सगळ्यात जास्त पैसे इथे घाला

बोर्ड बदलता येतो, बूट बोर्डाला अडकवणारं बाइंडिंगही बदलता येतं. न बसणारा बूट असेल तर तुम्ही दुपारी बारालाच घरी जाल.

हार्डबुटाचा आकार मोंडोपॉइंटमध्ये असतो, म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. भिंतीला टाच लावून उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. संध्याकाळी मोजा, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. २५.५ आलं तर २५.५ चाच बूट बघायचा. ‘थोडा मोठा असू दे, जाड मोजे घालू’ हा विचार डोक्यातून काढून टाका. बुटात एकच पातळ मोजा जातो.

मग कवच तपासा. आतलं मऊ अस्तर बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे हलकी टेकवा आणि टाचेमागे बोट सरकवून बघा. एक बोट, फार तर दीड बोट जागा हवी. दोन बोटं शिरली तर बूट मोठा आहे, अस्तर कितीही जाड असलं तरी. डीलक्स आणि यूपीझेड या कंपन्यांचे बूट सगळीकडे दिसतात. त्यांचा घाट वेगवेगळा आहे, त्यामुळे दोन्ही घालून बघितल्याशिवाय ठरवू नका. बहुतेक अस्तरं भट्टीत गरम करून पायाच्या आकाराची करून घेता येतात. ते दुकानातच करवून घ्या. गरम अस्तर घालून बूट आवळून दहा मिनिटं गुडघे वाकवून उभं राहायचं असतं, आणि त्यावेळी घोट्याची टोकं, करंगळीची बाजू जिथे आजवर दुखलं तिथे फोमचे छोटे तुकडे चिकटवतात. हे तुकडे लावायला सांगायला लाजू नका.

स्कीचा बूट चालेल का, असं प्रत्येक जण विचारतो. स्कीचे बूट घोट्यात फार कमी वाकतात आणि त्यांचा तळवा लांब असतो. स्नोबोर्डच्या हार्डबुटाला घोटा वाकवता यावा लागतो, कारण तोल राखायचं बरंचसं काम तिथूनच होतं. नवीन बूट फारच ताठ वाटला तर वरच्या दोन क्लिपा एकेक घर सैल ठेवा आणि मागची पुढे झुकवणारी खिट्टी मधल्या घरावर ठेवून सुरुवात करा.

पहिला बोर्ड

साधारण ६० ते ८० किलो वजनाच्या माणसाला १५८ ते १६८ सेंटीमीटर लांबी, ९ ते ११ मीटर साइडकट आणि कमरेशी २० ते २२ सेंटीमीटर रुंदी. यात फार डोकं खाजवू नका. ‘फ्रीकार्व्ह’ नावानं विकला जाणारा, मध्यम लवचीक बोर्ड घ्या. एफटू, ऑस्ट्रियाची एसजी, स्वित्झर्लंडच्या केसलर आणि ऑक्सेस, अमेरिकेत कोलोरॅडोची डोनेक ही नावं तुमच्या कानावर येतील. एसजी काढणारा सिगी ग्राबनर २००६ च्या ऑलिम्पिकचा कांस्यपदक विजेता आहे.

बूट, बाइंडिंग, बोर्ड तिन्ही नवं घेतलं तर दीड हजार युरो सहज ओलांडतात. बूट नवे घ्या, बोर्ड जुना घ्या. जुना बघताना बोर्ड सपाट टेबलावर ठेवून मध्यभागी खाली जागा सुटते का ते पाहा. ती कमान बोर्डाचा जीव आहे. कडांवरून नजर फिरवा. गंज वरवरचा असेल तर दगडानं जातो, पण कड तुटलेली किंवा आत दबलेली असेल तर सोडून द्या. थरांमध्ये नख शिरतं का ते बघा. टायटॅनल या मिश्रधातूचा पत्रा असलेले बोर्ड बर्फावर फार शांत चालतात, पण एकदा जोरात वाकला की पत्रा वाकलेलाच राहतो. म्हणून बोर्ड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून लांबीच्या दिशेनं बघा, कुठे पोक आलंय का.

बाइंडिंग आणि कोन

हार्डबुटाचं बाइंडिंग म्हणजे एक पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना तारेच्या कड्या. काहींना पुढे हातानं दाबायची खिट्टी असते. काहींना टाचेत बसवलेल्या यंत्रणेमुळे नुसतं पाऊल दाबलं की खटकन बसतं, तिला इन्टेक म्हणतात. दोन्ही चांगल्या. मी इन्टेक वापरते, कारण लिफ्टवरून उतरल्यावर वाकावं लागत नाही.

कोन कुणाला विचारून ठेवायचा नसतो, तो बोर्डाची रुंदी ठरवते. बोर्ड टेबलावर ठेवा, बूट बाइंडिंगमध्ये बसवा आणि सुताराचा गुण्या कडेला उभा टेकवा. बुटाचं टोक किंवा टाच गुण्याला लागत असेल तर ती कडेबाहेर आहे. कलल्यावर ती बर्फाला लागेल, कड उचलली जाईल आणि तुम्ही आपटाल. बूट आणखी पुढे वळवा. उलट, बुटाचं टोक कडेपासून दोन सेंटीमीटर आत असेल तर कोन जास्त झाला, दाब कडेवर नीट पोचणार नाही. २१ सेंटीमीटरच्या बोर्डवर बहुतेकांचा पुढचा पाय ५० ते ६० अंशांत बसतो. मागचा पाय त्याहून ३ ते ५ अंश कमी. दोन पायांमधलं अंतर ४६ ते ५२ सेंटीमीटर. पुढच्या पायाचा पंजा थोडा उचललेला आणि मागच्या पायाची टाच थोडी उचललेली ठेवली की गुडघ्यांना आराम पडतो. त्यासाठी पाचरी बाइंडिंगसोबतच मिळतात.

बाइंडिंगचे स्क्रू सहा मिलिमीटरचे असतात आणि कंपनांनी सैल होतात. खिशात जाड टोकाचा पेचकस ठेवा आणि रोज सकाळी, पहिल्या फेरीआधी, आठही स्क्रू आवळून बघा.

कड घासणे

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बोथट कडेवर शिकणारे लोक मी फार पाहिले आणि ते सगळे स्वतःलाच दोष देत होते.

अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर कड धारदार आहे. नुसतं घसरलं तर घासायची वेळ झाली. कठीण बर्फावर दोन-तीन दिवसांनी ती होतेच.

बोर्ड दोन खुर्च्यांमध्ये कडेवर उभा करून घट्ट धरा. ८८ किंवा ८९ अंशांचा मार्गदर्शक ठोकळा आणि त्यात अडकवलेली बारीक कानस लागते. आधी कडेवर काळ्या मार्करनं रेघ मारा. नाकापासून शेपटीकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं लांब हात मारा. विळीला धार लावताना जसा दाब न देता दगडाला काम करू देतो, तसंच. मार्करची रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली की थांबा. कुठे काळं राहिलं असेल तर तिथे खाच आहे किंवा हात वाकडा गेला. मग ओला हिऱ्याचा दगड त्याच ठोकळ्यात घालून चार-पाच वेळा फिरवा. शेवटी तळाच्या बाजूला वळलेली धातूची बारीक जिभली बोटाला जाणवते, ती रबरी दगडानं काढा. बोट मात्र कडेवर लांबीनं फिरवू नका, आडवंच फिरवा. धार लांबीनं कापते.

तळाकडची बाजू घरी घासू नका. तिचा अर्धा ते एक अंशाचा उतार एकदा दुकानात यंत्रावर करून घेतला की पुरतो.

मेणासाठी जुनी कपड्यांची इस्त्री चालेल, पण ती परत कपड्यांना लावू नका. इस्त्रीतून धूर आला तर ती जास्त तापली आहे. मेणाचे थेंब तळावर पाडा, इस्त्री एका जागी न थांबवता फिरवा, बोर्ड पूर्ण गार होऊ द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि ब्रश मारा.

उतारावर: पहिले तीन दिवस

रुंद, रिकामा, निळा उतार शोधा. आल्प्समध्ये निळा म्हणजे साधारण २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १४ अंशांपर्यंत उतार, आणि लाल ४० टक्क्यांपर्यंत. सुरुवातीला लाल उतारावर कुणी बोलावलं तरी जाऊ नका. तिथे वेग आवरण्यात सगळं लक्ष जातं आणि शिकणं राहून जातं.

पहिला अर्धा दिवस नुसती ओळख. बुटात वाका, उभं राहा, साधी घसरती वळणं घ्या, लिफ्टवर चढा-उतरा. चेअरलिफ्टवर फक्त पुढचा पाय अडकवलेला असतो आणि बोर्ड अरुंद असल्यामुळे मागचा पाय टेकवायला जागा कमी असते. उतरताना मागचं पाऊल बाइंडिंगला घट्ट टेकवून ठेवा, नजर समोर ठेवा आणि थांबेपर्यंत वळायचा प्रयत्न करू नका.

मग तिरकी रेघ. उतारावर आडवे-तिरके उभे राहा, वरच्या कडेवर बोर्ड कलवा आणि घसरू न देता पलीकडे जा. थांबा, मागे बघा. पेन्सिलच्या रेघेसारखी बारीक रेघ हवी. ती केरसुणी फिरवल्यासारखी रुंद असेल तर तुम्ही घसरलात. गुडघे आणि घोटे आणखी वाकवा, वरचं अंग सरळ ठेवा. दोन्ही कडांवर, दहा-दहा वेळा. कंटाळवाणं आहे, पण पाया इथेच बसतो.

नंतर अर्धं वळण. सरळ उताराच्या दिशेनं थोडा वेग घ्या, बोर्ड एका कडेवर कलवा आणि काहीही करू नका. खांदे फिरवू नका, मागचा पाय ढकलू नका. बोर्ड आपणहून वळेल, उताराच्या वरच्या दिशेला जाईल आणि थांबेल. ही थांबून वाट बघायची सवय लागायला मला दोन दिवस लागले, कारण साध्या बोर्डवर आपण मागच्या पायानं बोर्ड फिरवायला शिकलेलो असतो आणि पाय सवयीनं तेच करतात. वेग आवरायचा ब्रेकही हाच आहे: वळण पूर्ण करायचं, वरच्या दिशेला थोडं चढू द्यायचं.

दोन्ही बाजूंचं अर्धं वळण जमलं की ती जोडा. एक वळण पूर्ण होऊन तुम्ही उताराला आडवे जात असाल, तेव्हाच बोर्ड सपाट करा आणि लगेच दुसऱ्या कडेवर कलवा, बोर्डाचं नाक उताराकडे वळायच्या आधी. मनाला हे उलटं वाटतं, कारण क्षणभर आपण उताराच्या खालच्या कडेवर उभे असतो. त्या एका क्षणात घाबरून मागे बसलात की वळण गेलं.

अंगाची ठेवण सांगते. आरतीचं ताट दोन्ही हातांत धरलंय असं समजा. दोन्ही हात समोर दिसायला हवेत आणि ताट बर्फाला समांतर राहायला हवं. पंजाच्या बाजूच्या वळणात गुडघे बर्फाकडे दाबा, कंबर पुढे ठेवा. टाचेच्या बाजूला खुर्चीत बसल्यासारखे खाली जा, पण छाती आणि कंबर बोर्डाच्या नाकाकडे वळलेली ठेवा. टाचेची बाजू बहुतेकांना अवघड जाते, कारण नकळत आपण आडवे होऊन मागे रेलतो. आणि बर्फाला हात लावायला वाकू नका. फोटोत हात बर्फाला लागलेला छान दिसतो, पण बोर्ड पुरेसा कलला की बर्फच हाताजवळ येतो. कंबरेतून वाकून हात पोचवला की कडेवरचा दाब जातो.

रेघ वाचायला शिका

माझ्या मते शिक्षकाशिवाय शिकायचं असेल तर हेच एक साधन आहे. प्रत्येक फेरीनंतर आपली रेघ बघा आणि शक्य झालं तर लिफ्टवरून वर जाताना पुन्हा बघा. वरून ती नकाशासारखी दिसते.

वळणाच्या सुरुवातीला रुंद आणि नंतर बारीक असेल तर तुम्ही कड उशिरा बदलता आहात आणि सुरुवात घसरून करता आहात. सुरुवात बारीक आणि शेवट पंख्यासारखा पसरलेला असेल तर वजन मागच्या पायावर गेलं आणि शेपूट सुटली. रेघ धावदोऱ्याच्या टाक्यांसारखी तुटक तुटक असेल तर कड उड्या मारते आहे. त्याची कारणं तीन: कड बोथट, पाय ताठ, किंवा सगळा दाब वळणाच्या शेवटी एकदम दिला. वळणाच्या सुरुवातीपासूनच हळूहळू दाब दिलात तर टाके जुळतात. पंजाच्या बाजूची रेघ सुंदर आणि टाचेची फाटलेली असेल, तर वरचा अंगाच्या ठेवणीचा परिच्छेद पुन्हा वाचा. आणि मऊ, ओल्या बर्फात नाकाजवळ खोल खड्डा पडलेला दिसला तर पुढे जास्त वजन टाकलं गेलंय. तो खड्डा पुढच्या वेळी तुम्हाला तोंडावर पाडेल.

वर बघा

कार्विंग करणारा माणूस उताराची पूर्ण रुंदी वापरतो आणि वळणाच्या शेवटी वरच्या दिशेला चढतो. मागून येणाऱ्या स्कीवाल्याला ते अपेक्षित नसतं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वर्तनाचे दहा नियम आहेत. तिसरा सांगतो की मागून येणाऱ्यानं पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा. लोक तेवढाच लक्षात ठेवतात. पाचवा नियम सांगतो की थांबून निघताना किंवा उतारावर वरच्या दिशेनं जाताना वर-खाली बघून खात्री करायची जबाबदारी आपली आहे. म्हणजे आमची.

तिसऱ्या वर्षी मी एका मोठ्या वळणात वर चढले आणि एक मुलगा माझ्या बोर्डाच्या शेपटीपासून हातभर अंतरावरून गेला. दहा वर्षांचा असेल. त्याची चूक नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक टाचेच्या वळणानंतर खांद्यावरून वर बघते. उतारावर गर्दी झाली की कार्विंग बंद करते आणि कॉफी घ्यायला जाते. हेल्मेट, पाठीचं कवच आणि गुडघ्याचे पॅड वापरा. हातमोजे तळव्याला जाड चामड्याचे घ्या, साधे एका हिवाळ्यात फाटतात.

कुठे आणि केव्हा जायचं

बर्फ सकाळी कठीण आणि सपाट असतो, दुपारी ढेकळं होतात. म्हणून पहिल्या लिफ्टला हजर राहा, साडेअकरापर्यंत मन लावून करा, मग सोडून द्या. सुट्टीच्या दिवशीपेक्षा मंगळवार-बुधवार. जानेवारीत ६ तारखेनंतरचे आठवडे आणि मार्चचा मध्य मला सगळ्यात आवडतो. फेब्रुवारीत ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्या एकामागून एक येतात, तेव्हा उतारावर रेघ ओढायला जागाच नसते.

शिकण्यासाठी इटलीतलं झायझर आल्म अप्रतिम आहे. आल्प्समधलं सगळ्यात मोठं पठारी कुरण, सौम्य आणि रुंद उतार. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हात बसवायला ऑस्ट्रियातली हिंटरटुक्सची हिमनदी, जी ३,२५० मीटरपर्यंत जाते आणि वर्षभर उघडी असते. अनुभव आल्यावर डोलोमाइट्समधलं कारेत्सा किंवा स्वित्झर्लंडमधलं श्कुओल बघा. दोन्हीकडे समांतर जायंट स्लॅलमचे विश्वचषक सामने होतात, त्यामुळे उतारही त्याच तोलामोलाचे आहेत. सामन्याच्या दिवशी कठड्याशी उभं राहून खेळाडूंचे गुडघे बघणं म्हणजे एक शिकवणीच.

पुण्या-मुंबईहून आठवडाभर येणार असाल तर बूट स्वतःचे आणि ते विमानात हातातल्या सामानात. बोर्ड हरवला तर दुसरा मिळेल, मापात बसलेला बूट मिळणार नाही. अपघात आणि डोंगरातून सोडवणूक दोन्ही विम्यात आहेत का ते वाचून घ्या. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या सभासदत्वात सोडवणुकीचा विमा येतो. खिशात चिक्की ठेवा. गारठ्यात चॉकलेट दगड होतं, चिक्की तशीच राहते. शाकाहारी माणसाला डोंगरातल्या खानावळीत केझेश्पेत्सल (चीज घातलेले छोटे नूडल) आणि खसखस-लोण्याचा गेर्मक्न्योडेल (वाफवलेला गोड गोळा) मिळतो, उपाशी राहायची वेळ येत नाही.

गुलमर्गबद्दल बरेच जण विचारतात. तिथला गोंडोला जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो आणि ताज्या भुसभुशीत बर्फासाठी ती जागा जगात नावाजलेली आहे. पण कार्विंगला रोज यंत्रानं विंचरलेला, घट्ट उतार लागतो, तो तिथे थोडाच आहे. साधा स्नोबोर्ड शिकायला मात्र जरूर जा. साधनं आणि उतार यांचं कौतुक सांगताना मला कोरियाचा ली सांग-हो आठवतो. तो लहानपणी कोबीच्या शेतावर केलेल्या घसरगुंडीच्या उतारावर शिकला आणि २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये समांतर जायंट स्लॅलमचं रौप्यपदक घेऊन आला.

ही माणसं

एका दिवसात हार्डबूटवाले फार तर दोन-तीन दिसतात. म्हणून दिसले की थांबतात. लिफ्टच्या रांगेत पायांकडे बघून ओळख पटते आणि वर पोचेपर्यंत कोन, साइडकट आणि गुडघेदुखी यांवर बोलून होतं. स्वित्झर्लंडमध्ये झिनालला पूर्ण अंग बर्फाला टेकवून वळणाऱ्या मंडळींचे मेळावे होत आले. ती शैली तिकडेच रुजली. अमेरिकेत ॲस्पेनच्या परिसरात अशा जमण्याची जुनी परंपरा आहे. जपान आणि कोरियात तर मऊ बूट घालून, दोन्ही पाय पुढे वळवून कार्विंग करणारी तरुण मुलं झपाट्यानं वाढली. हार्डबूट परवडत नसेल तर ती वाटही पूर्ण चांगली आहे.

मेळाव्याला जायला चांगलं येत असलंच पाहिजे असं नाही. मला टाचेचं वळण एका साठी ओलांडलेल्या आजोबांनी शिकवलं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तेव्हा जर्मन धड येत नव्हतं. त्यांनी माझी कंबर दोन्ही हातांनी धरून बोर्डाच्या नाकाकडे फिरवली आणि खाली बोट दाखवलं. बस्स. शिवाय जुन्या साधनांची खरी बाजारपेठ तिथेच आहे. १६१ चा तो बोर्ड मी नंतर विकत घेतला. आता तो एका नाशिकच्या मुलाकडे आहे, इथे शिकायला आला आहे. त्याला तीन हिवाळ्यांत फेडायच्या बोलीवर दिला.

मोसम संपला की बोर्ड धुवून कोरडा करा, कडांवर तेलाचा हात फिरवा, बाइंडिंग काढा आणि तळावर मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवा. तळघरात नको, तिथे कडांना गंज चढतो. बुटांची अस्तरं बाहेर काढून दोन दिवस वाळवा आणि क्लिपा हलक्या लावून ठेवा, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. ते मेण खरवडायचं थेट ऑक्टोबरमध्ये, हिंटरटुक्सला निघायच्या आदल्या रात्री.